वाकलेल्या मानेचा पटर

पटर म्हणजे गोल्फमध्ये चेंडू घरंगळवत होलमध्ये घालण्याची काठी. पटरचा दांडा पात्याच्या मुखापेक्षा, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या सपाट बाजूपेक्षा, होलच्या दिशेने जितका पुढे असतो, तितका त्या पटरचा ऑफसेट. हे अंतर सांगताना कारागीर आणि विक्रेते दांड्याच्या जाडीचेच माप वापरतात. पात्याजवळ पटरचा दांडा साधारणतः ०.३७ इंच, म्हणजे सुमारे साडेनऊ मिलिमीटर जाड असतो. मुख दांड्याच्या पुढच्या कडेच्या रेषेत असले की ऑफसेट शून्य, मध्यरेषेत असले की अर्धा दांडा आणि मागच्या कडेच्या रेषेत असले की पूर्ण दांडा. मुखच दांड्याच्या पुढे गेले, तर त्या उलट रचनेला ऑनसेट म्हणतात.

इतक्या थोड्या अंतरासाठी गेली सव्वाशे वर्षे कारागीर, अभियंते आणि खेळाडू झटत आले आहेत, त्यामागे खेळाचे साधे गणित आहे. ७२ फटक्यांच्या पारमध्ये दर होलला दोन याप्रमाणे ३६ फटके पटिंगसाठी धरलेले असतात. होलचा व्यास ४.२५ इंच, म्हणजे १०८ मिलिमीटर. तीन मीटरवरून मारलेला चेंडू एका अंशाने चुकला, तर होलपाशी पोहोचेपर्यंत तो सुमारे ५२ मिलिमीटर बाजूला सरकतो, म्हणजे होलच्या मध्यापासून थेट काठावर येतो. चेंडू कोणत्या दिशेने निघणार हे बहुतांशी आघाताच्या क्षणी मुख कुठे रोखलेले आहे यावर ठरते. पाते कोणत्या वाटेने आले याचा वाटा त्यामानाने लहान. म्हणून मुख रोखण्याच्या कामात मदत किंवा अडथळा करणारी प्रत्येक गोष्ट मोलाची ठरते, आणि दांडा पात्याला कुठे मिळतो ही त्यातली एक मोठी गोष्ट आहे.

स्कॉटलंडमध्ये हा खेळ वाढला तेव्हाचे पटर लाकडी होते. सेंट अँड्र्यूज इथला ह्यू फिल्प हा त्या काळचा नामांकित क्लब-कारागीर. १८१९ मध्ये तिथल्या गोल्फर मंडळींच्या संस्थेने, म्हणजे पुढे रॉयल अँड एन्शन्ट या नावाने ओळखल्या गेलेल्या क्लबने, त्याला आपला कारागीर नेमले. १८५६ मध्ये तो वारला, पण त्याच्या हातचे लांब आणि उथळ डोक्याचे पटर पुढेही जपून वापरले गेले. अशा पटरमध्ये डोके आणि दांडा तिरके तासून एकमेकांवर बसवत, सरसाने चिकटवत आणि वरून डांबर लावलेला दोरा घट्ट गुंडाळत. या जोडात मानेला हवे तसे वळण देण्याची सोय जवळजवळ नव्हती. डोक्याचे लाकूड दांड्याच्या रेषेतून पुढे फुगत जाई आणि मुख दांड्याच्या किंचित पुढेच राही. आजच्या भाषेत हे पटर थोडेसे ऑनसेट होते. ती कुणी जाणूनबुजून केलेली निवड नव्हती. लाकडाच्या जोडातून तसेच निघत असे.

१८४८ च्या सुमारास पिसे भरलेल्या चामडी चेंडूची जागा गटापर्चाच्या चेंडूने घेतली. नवा चेंडू स्वस्त आणि टणक होता. लोखंडी पात्याच्या घावाने पिसांचा चेंडू फाटत असे, तसा हा फाटत नव्हता. त्यामुळे लोखंडी क्लबांची संख्या वाढली आणि ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या आखूड गवताच्या पट्ट्यावरही, लोखंडी पाते आले. ही पाती लोहार घडवत. पात्याला पोकळ मान असे, तिच्यात हिकरीचा दांडा ठोकून बसवत आणि आडवी खीळ घालून पक्का करत. उत्तर अमेरिकेतले हिकरी लाकूड चिवट आणि लवचिक असले, तरी पात्याच्या अगदी जवळ त्याला ठळक वळण देणे शक्य नव्हते. तापलेले लोखंड मात्र ऐरणीवर हवे तसे वाकते. दांडा आणि पाते यांच्यामध्ये वाकवता येईल असा धातूचा तुकडा प्रथमच आला होता. ऑफसेटची कल्पना कुणाच्याही डोक्यात येण्याआधी तिची जागा अशी तयार झाली.

ती जागा भरली विली पार्क ज्युनियरने. मसलबरा या एडिनबरोजवळच्या गावचा हा खेळाडू. त्याचे वडील विली पार्क यांनी १८६० ची पहिली ओपन स्पर्धा जिंकली होती. मुलाने १८८७ मध्ये प्रेस्टविकला आणि १८८९ मध्ये घरच्या मसलबरावर ओपन जिंकली. तो उत्तम खेळाडू होताच, पण त्याहून अधिक तो धंद्याची नजर असलेला कारागीर होता. क्लब बनवणे, विकणे, मैदाने आखणे, पुस्तके लिहिणे हे सारे त्याने केले. लंडनजवळच्या सनिंगडेलचे जुने मैदान त्याच्या आखणीतले. १८९६ चे त्याचे गोल्फवरचे पुस्तक हे व्यावसायिक खेळाडूने लिहिलेले या खेळावरचे पहिले पुस्तक मानले जाते, आणि १९२० मध्ये त्याने केवळ पटिंगवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. लांब फटक्यात त्याचा चेंडू पुष्कळदा डावीकडे जाई. सामने तो ग्रीनवर जिंकत असे. पटिंगचा सराव तो तासन्‌तास करी.

१८९० च्या दशकात पार्कने वाकलेल्या मानेच्या पटरचे पेटंट घेतले आणि तो विकायला काढला. पात्यातून निघालेली मान थोडी वर गेल्यावर पुढच्या बाजूला वळे, आणि तिच्यात बसवलेला दांडा मुखाच्या पुढे येई. खेळाडूने चेंडूमागे पटर टेकवला की त्याचे हात आपोआप मुखाच्या किंचित पुढे राहत. शिवाय वरून पाहताना पात्याची वरची कड मानेच्या मागे अखंड दिसे. ती कड चेंडूच्या वाटेला काटकोनात आहे की नाही हे ताडणे त्यामुळे सोपे होई. पार्ककडे मोजमापाची कोणतीही साधने नव्हती. दिवसेंदिवस केलेल्या सरावातून त्याच्या डोळ्यांनी आणि मनगटांनी जे सांगितले, ते त्याने लोखंडात उतरवले. आजही ऑफसेटबद्दल जी दोन मुख्य कारणे दिली जातात, हात पुढे राहणे आणि कड स्पष्ट दिसणे, ती दोन्ही या पहिल्याच पटरमध्ये होती. ही गोष्ट पार्कच्या निरीक्षणाची उंची दाखवते.

हा पटर पराभवापासून वाचवणारा मंत्र अर्थातच नव्हता. १८९८ च्या ओपनमध्ये प्रेस्टविकच्या शेवटच्या ग्रीनवर पार्कचा छोटा पट हुकला आणि हॅरी वॉर्डन एका फटक्याने जिंकला. तरीही वाकड्या मानेची पाती पुढच्या काळात अनेक कारागिरांनी घडवली आणि हिकरीच्या दिवसांत ती सर्रास दिसू लागली. बॉबी जोन्सचा प्रसिद्ध पटर, जो ‘कॅलॅमिटी जेन’ या नावाने ओळखला जातो, तोही बारीक पात्याचा आणि मानेला थोडे वळण असलेला होता. त्या पात्याचे मुख ८ अंशांनी मागे झुकलेले होते. आजच्या पटरमध्ये हा कल ३ ते ४ अंशांचा असतो. त्या काळचे गवत लांब आणि ग्रीन संथ. चेंडू गवताच्या खळग्यातून उचलून पुढे ढकलावा लागे. हात पुढे गेले की दांडा पुढे झुकतो आणि मुखाचा कल तितका कमी होतो. जोन्सच्या काळच्या पात्यांना एवढा कल असल्यामुळे हात पुढे ठेवूनही चेंडू उचलण्यापुरता कल शिल्लक राही.

दांडा पात्याला कुठे मिळावा याचा वाद नियमांच्या पुस्तकात शिरला तो मात्र वेगळ्या पटरमुळे. न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडी शहरात जनरल इलेक्ट्रिक कंपनीत काम करणाऱ्या आर्थर नाइट या अभियंत्याने ॲल्युमिनियमच्या डोक्याचा पटर तयार केला. त्याचा दांडा टाचेपाशी न बसता डोक्याच्या मध्याजवळ बसत होता. १९०३ मध्ये त्याला पेटंट मिळाले. पुढच्याच वर्षी वॉल्टर ट्रॅव्हिस हा अमेरिकी खेळाडू हा पटर घेऊन सँडविचला गेला आणि त्याने ब्रिटिश ॲमेच्युअर स्पर्धा जिंकली. परदेशी क्लबचा सभासद ही स्पर्धा जिंकण्याची ती पहिलीच वेळ. ब्रिटनमध्ये या विजयाचे स्वागत थंडपणे झाले. १९१० मध्ये रॉयल अँड एन्शन्टने हातोड्याच्या घडणीचे, मध्यावर दांडा असलेले पटर बेकायदा ठरवले. अमेरिकेच्या संघटनेने ती बंदी मानली नाही, आणि एकाच खेळाचे दोन किनाऱ्यांवर दोन नियम झाले. हा भेद १९५१ च्या संयुक्त बैठकीत मिटला. १९५२ पासून मध्यावर दांडा असलेले पटर सर्वत्र चालू लागले. ट्रॅव्हिसच्या विजयानंतर जवळजवळ अर्धे शतक गेले होते.

पटरच्या बाबतीत नियम आज उदार आहेत. इतर सर्व क्लबांचा दांडा टाचेपाशीच बसला पाहिजे. पटरचा तो डोक्यावर कुठेही बसू शकतो. मान किंवा दांड्यातले वळण मात्र तळापासून ५ इंचांच्या आत संपले पाहिजे. दांड्याचा सरळ भाग टाच-टोकाच्या दिशेत उभ्या रेषेपासून किमान १० अंश कललेला हवा, आणि खेळाच्या दिशेत तो पुढे २० व मागे १० अंशांपेक्षा जास्त झुकता कामा नये. किमान १० अंशांच्या अटीमागे क्रोकेसारखे दोन पायांमधून पटिंग करण्याची पद्धत आहे. सॅम स्नीडने ती अवलंबली आणि १९६८ पासून ती बंद करण्यात आली.

विसाव्या शतकाच्या मध्यावर दोन घराणी लोकप्रिय होती, आणि दोन्हींत ऑफसेट नगण्य होता. एक ‘बुल्स आय’. जॉन रॉयटर ज्युनियरने घडवलेला हा पितळी पटर सडपातळ होता आणि त्याचा सरळ दांडा पात्याच्या मध्याजवळ बसे. दुसरे घराणे टाचेपाशी दांडा असलेल्या पात्यांचे; विल्सन कंपनीचा ‘८८०२’ हा त्यातला सर्वांत नावाजलेला. बेन क्रेनशॉने १९८४ चे मास्टर्स अशाच पटरने जिंकले. या पात्यात दांडा टाचेशी रुंदावत जाऊन थेट धातूत मिळतो. पोलादी दांड्यांना अमेरिकेत १९२४ मध्ये आणि ब्रिटनमध्ये १९२९ मध्ये परवानगी मिळाली होती, त्यामुळे आता वळण दांड्यातही देता येत होते. तरीही ऑफसेट ही काही खेळाडूंची खासगी आवड राहिली.

हे चित्र बदलले ते कार्स्टन सोलहाइममुळे. १९११ मध्ये नॉर्वेतल्या बर्गनला जन्मलेला हा माणूस लहानपणी अमेरिकेत आला. तरुणपणी त्याने जोडे दुरुस्त केले, पुढे तो अभियंता झाला आणि जनरल इलेक्ट्रिकमध्ये लागला. गोल्फची काठी त्याने हाती घेतली ती वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, सहकाऱ्यांच्या आग्रहाने. पटिंग त्याला जमेना. पात्याच्या टोकाशी किंवा टाचेशी चेंडू लागला की पाते हातात पिळवटते, हे त्याच्या लक्षात आले. वजन मध्यातून काढून टाच आणि टोक यांच्याकडे नेले तर हा पीळ कमी होईल, हा त्याचा विचार पुढे संपूर्ण उद्योगाने स्वीकारला. १९५९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या रेडवूड सिटीमधल्या घराच्या गॅरेजमध्ये त्याने ‘१ए’ हा पहिला पटर केला. चेंडू लागताच त्यातून उमटणाऱ्या नादावरून ‘पिंग’ हे नाव आले.

‘१ए’चा दांडा मध्यावर होता. जानेवारी १९६६ मध्ये सोलहाइमला सुचलेला पटर वेगळा होता. कागद हाताशी नव्हता म्हणून त्याने तो ७८ आरपीएमच्या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टणावर रेखाटला. पटिंगच्या प्रश्नाला हे उत्तर आहे म्हणून पत्नी लुईजने ‘आन्सर’ हे नाव सुचवले, आणि पात्यावर जागा पुरावी म्हणून इंग्रजी शब्दातले डब्ल्यू हे अक्षर गाळायला सांगितले. १९६७ मध्ये पेटंट मिळाले. १९६९ मध्ये जॉर्ज आर्चरने ‘आन्सर’ वापरून मास्टर्स जिंकले.

‘आन्सर’मध्ये टाच आणि टोकाकडे वजन होतेच, त्याला सोलहाइमने मानेची जोड दिली. टाचेच्या बाजूने एक छोटा खांब वर येतो, नळाच्या एल्बोसारखा काटकोनात पुढे वळतो आणि पुन्हा वर चढतो. दांडा त्या दुसऱ्या खांबावर बसतो. ऑफसेट पूर्ण दांड्याचा. पार्कच्या वेळी मान लोहाराच्या अंदाजाने वाकत असे, म्हणून प्रत्येक पटर थोडा निराळा. ‘आन्सर’ची मान मँगनीज ब्राँझच्या ओतीव कामातून पात्यासकट एकाच तुकड्यात निघे, म्हणून प्रत्येक पटरचा ऑफसेट सारखा. खेळाडूला एक पटर हरवला तर तसाच दुसरा मिळू लागला. सातत्याच्या चर्चेत ही गोष्ट सहसा राहून जाते, पण साधन दरवेळी सारखे असणे ही सातत्याची पहिली अट आहे, आणि ऑफसेट त्या अटीत बसला तो ओतकामामुळे.

१९८४ मध्ये पेटंटची मुदत संपल्यावर जवळजवळ प्रत्येक कंपनीने ‘आन्सर’ची आवृत्ती काढली. स्कॉटी कॅमरनचा ‘न्यूपोर्ट’ त्याच घडणीचा. टायगर वुड्सच्या १५ मेजर विजेतेपदांपैकी १४ ‘न्यूपोर्ट २’ने मिळाली. ऑफसेट असलेली मान पटरची नेहमीची मान झाली, इतकी की दुकानातून पटर विकत घेणाऱ्या बहुतेकांना आपण ऑफसेट निवडला आहे याची जाणीवही नसते.

पूर्ण दांड्याचा ऑफसेट आघाताच्या क्षणी नेमके काय करतो, याबद्दल एक समज फार पसरलेला आहे: हात आधी पोहोचतात, मुख मागून येते, आणि त्या जादा वेळात मुख काटकोनात यायला अवधी मिळतो. हे खरे आहे, पण किती? समजा, एका मध्यम पटमध्ये पाते सेकंदाला दीड मीटर वेगाने जाते. साडेनऊ मिलिमीटर कापायला त्याला सुमारे ६ मिलिसेकंद लागतात. मुख सेकंदाला ३० अंश या गतीने मिटत असेल, तर तेवढ्या वेळात ते अंशाच्या पाचव्या हिश्शाइतके फिरेल. तीन मीटरवर हा फरक सुमारे एक सेंटिमीटरचा. लांब ड्राइव्हमध्ये मनगटे वेगाने फिरतात, तिथे हा परिणाम मोठा असतो. पटिंगमध्ये तो अगदी तुटपुंजा राहतो. उजवीकडे पट हुकवणाऱ्याला ‘ऑफसेट वाढवा’ असा सल्ला याच कारणासाठी दिला जातो, पण त्याला फायदा झालाच तर त्याचे श्रेय या सहा मिलिसेकंदांना देणे कठीण आहे.

ऑफसेटचे मोठे काम चेंडूला पाते लागण्याआधीच, पटर जमिनीवर टेकवताना होते. खेळाडू वरून पाहतो तेव्हा त्याला दांडा, मान, पात्याची वरची कड आणि चेंडू एकमेकांत गुंतलेले दिसतात. या रेषांमधून तो काटकोन शोधतो. दांडा पुढे आला की रेषांची मांडणी बदलते, आणि मुख प्रत्यक्षात होते तिथेच असूनही ते वेगळीकडे रोखलेले भासते. लेझर आणि आरशाच्या साहाय्याने खेळाडूची नेमबाजी तपासणाऱ्या फिटरांचा अनुभव असा की, उजव्या हाताने खेळणाऱ्या अनेकांचे मुख ऑफसेट वाढवल्यावर डावीकडे सरकते आणि कमी केल्यावर उजवीकडे. डावखुऱ्याच्या बाबतीत उलट. हा बदल काही जणांत नजरेत भरण्याइतका असतो, काहींत जवळजवळ नसतोच. डोके चेंडूच्या किती वर किंवा मागे आहे, डोळ्यांची रेषा चेंडूच्या आत पडते की नेमकी वर, उजवा डोळा प्रबळ की डावा, या सर्वांवर ते अवलंबून असते. प्रबळ डोळ्यानुसार ऑफसेट निवडण्याची जी सूत्रे दुकानांत सांगितली जातात, ती एकमेकांशी जुळत नाहीत. दोन-तीन वेगवेगळ्या मानेचे पटर हातात घेऊन ठरावीक बिंदूवर नेम धरणे आणि तो दुसऱ्या कुणाकडून तपासून घेणे हा त्याहून विश्वासार्ह मार्ग आहे.

खेळाडूचे समाधान इथूनच ठरते. नेम चुकीचा भासत असताना कुणीही शांतपणे फटका मारू शकत नाही. मुख उजवीकडे रोखले आहे असे मनाला वाटले की हात खाली येताना ते नकळत डावीकडे वळवतात. कधी थोडे, कधी जास्त. ही दुरुस्ती दरवेळी सारखी नसते, आणि पट दोन्ही बाजूंना हुकू लागतात. ज्या पटरचे मुख जसे भासते तसेच रोखलेले असते, त्याच्या मालकाला फटक्याच्या मधोमध काही दुरुस्त करावे लागत नाही. समाधान आणि सातत्य यांचा संबंध हा असा आहे. ऑफसेटने सुधारलेले पटिंग पाहिले तर पुष्कळदा फटक्याची घडण जशीच्या तशी असते. खेळाडूने दुरुस्ती करणे थांबवलेले असते.

मनगटांचेही तसेच. उजव्या हाताच्या खेळाडूचे डावे मनगट आघाताच्या आसपास कोसळले, म्हणजे मागे वाकले, तर पाते हातांना मागे टाकून पुढे जाते, मुखाचा कल वाढतो आणि चेंडू उसळत निघतो. ऑफसेट असलेल्या पटरमागे उभे राहताना हात मुखाच्या पुढेच ठेवले जातात, आणि अनेकांना मनगट सपाट ठेवणे सोपे जाते. मात्र जो खेळाडू आधीच हात खूप पुढे ढकलतो, त्याला जादा ऑफसेट आणखी पुढे नेतो. मुखाचा कल शून्याखाली गेला तर चेंडू आधी जमिनीत दाबला जातो आणि मग उडी मारतो. चेंडू पायांच्या मध्याच्या किती पुढे ठेवला आहे यावरही हे सारे बदलते.

ऑफसेटचा तिसरा परिणाम धातूतला आहे आणि तो सहज तपासता येतो. पटरचा दांडा बोटावर आडवा तोलला की डोके आपोआप फिरून एका स्थितीत थांबते. मुख आभाळाकडे पाहत थांबले तर तो पटर तोललेल्या मुखाचा. टोक खाली झुकले तर टोक-लोंबता. डोक्याचे गुरुत्वमध्य दांड्याच्या अक्षाच्या खाली येऊन थांबते, एवढेच यामागचे कारण. गुरुत्वमध्य अक्षापासून टोकाकडे जितके दूर, तितके टोक झुकते. ते अक्षाच्या जितके मागे, तितके मुख वर पाहते. ऑफसेट वाढवणे म्हणजे अक्ष पुढे नेणे, अर्थात गुरुत्वमध्य अक्षाच्या आणखी मागे पडणे. म्हणून दांडा टाचेपासून तेवढ्याच अंतरावर ठेवून ऑफसेट वाढवला, तर टोकाची झुकण कमी होते. ‘८८०२’सारख्या टाचेशी मिळणाऱ्या, ऑफसेट नसलेल्या पात्याचे टोक खूप झुकते, ‘आन्सर’चे मध्यम. मुख उघडत-मिटत वळणदार फटका मारणाऱ्यांना झुकणारे टोक भावते आणि सरळ मागे-पुढे नेणाऱ्यांना तोललेले मुख, असे फिटर साधारणपणे मानतात. ही ढोबळ वाटणी आहे. फिल मिकलसनसारख्याने टोक-लोंबत्या पात्याने आयुष्यभर जे साधले, ते साधायला दुसऱ्या कुणाला वर्षे लागतील. पण ऑफसेट आणि झुकण हे दोन वेगळे खण नाहीत, एक बदलला की दुसरा बदलतो, हे निवड करताना लक्षात ठेवावे लागते. केवळ नेम सुधारावा म्हणून मान बदलणाऱ्याला हातातल्या तोलाचाही बदल स्वीकारावा लागतो.

म्हणूनच आज एकच पाते चार-पाच मानांसह विकले जाते: एल्बोसारखी मान, तिची आखूड आणि तिरपी रूपे, टाचेतून वाहत निघणारी मान आणि दांड्यालाच दोनदा वाकवून मिळवलेला ऑफसेट. शेवटचा प्रकार मोठ्या डोक्याच्या पटरमध्ये जास्त दिसतो. अशा डोक्यांत गुरुत्वमध्य मुखाच्या बरेच मागे असते, आणि दुहेरी वळणामुळे दांड्याचा अक्ष टाच-टोकाच्या दिशेत त्याच्या रेषेत आणता येतो व मुखापुढे ऑफसेटही राखता येतो.

२०१६ मध्ये पटरच्या दांड्याचे वरचे टोक छातीला किंवा पोटाला टेकवून फटका मारण्यावर बंदी आली. त्यानंतर काहींनी दांडा डाव्या हाताच्या कोपराखालच्या भागाला टेकवून मारण्याची पद्धत धरली. ब्रायसन डिशॅम्बोने २०२० ची यूएस ओपन तशीच जिंकली. या पद्धतीत दांडा पुढे बराच झुकलेला असतो, त्यामुळे मुखाला नेहमीच्या दुप्पट कल द्यावा लागतो, आणि तिथे ऑफसेटचा हिशेब सर्वस्वी वेगळा होतो.

अलीकडे घड्याळ उलटे फिरू लागले आहे. शून्य पिळाचे म्हणून ओळखले जाणारे पटर दांड्याचा अक्ष थेट गुरुत्वमध्याकडे रोखतात, जेणेकरून फटक्यात मुखाला उघडण्याची किंवा मिटण्याची ओढच राहू नये. गुरुत्वमध्य मुखाच्या मागे असल्याने दांडाही मुखाच्या मागे बसतो, म्हणजे हे पटर ऑनसेट असतात. एल.ए.बी. गोल्फ या कंपनीने ही रचना पुढे आणली; लुकस ग्लोव्हरने २०२३ मध्ये अशा पटरने हरवलेले पटिंग परत मिळवले, आणि जे. जे. स्पॉनने २०२५ ची ओकमॉन्टची यूएस ओपन जिंकली. आता जवळजवळ सर्व मोठ्या कंपन्यांनी या प्रकारचे पटर बाजारात आणले आहेत. मुख दांड्याच्या पुढे दिसणे अनेकांना सुरुवातीला खटकते, कारण दोन पिढ्यांचे डोळे ‘आन्सर’वर घडलेले आहेत. हात पुढे ठेवण्याची गरज या पटरमध्येही संपलेली नाही. म्हणून त्यांच्या काही ग्रिपमध्ये दांडा मधोमध न जाता तिरका जातो, त्यामुळे पटर जमिनीवर सपाट टेकलेला असतानाच दांडा होलकडे थोडा झुकतो आणि हात मुखाच्या पुढे येतात.